फी शून्य, काम सक्तीचं

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या गंगाजळीवर ट्रम्प सरकारनं वाढवलेल्या कराच्या बातम्या आपल्याकडेही चवीनं वाचल्या गेल्या. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर २०१७ साली १.४ टक्क्यांनी सुरू झालेला हा कर जुलै २०२५ च्या कायद्यानं सर्वांत श्रीमंत संस्थांसाठी ८ टक्क्यांवर गेला. २०२६ पासून तो लागू होतो. या गदारोळात कायद्यातल्या एका अटीकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. फी भरणारे विद्यार्थी तीन हजारांपेक्षा कमी असतील, तर संस्थेला कर माफ. अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स यांसारखी छोटी पण गडगंज लिबरल आर्ट्स कॉलेजं या अटीच्या आडोशाला सुखरूप राहिली. केंटकी राज्यातल्या एका कॉलेजात तर फी भरणाऱ्यांचा आकडाच शून्य आहे.

त्याचं नाव बेरिया कॉलेज. विद्यार्थी सुमारे दीड हजार, गंगाजळी एक अब्ज डॉलरहून अधिक आणि १८९२ पासून शिकवणीची फी नाही. २०१७ साली विद्यार्थिसंख्येची मर्यादा याहून बरीच कमी होती; सिनेटच्या शेवटच्या ओढाताणीत कायद्यातून ‘फी भरणारे’ ही अट गळली आणि बेरियाही करपात्र ठरलं. गरिबांना फुकट शिकवणाऱ्या कॉलेजलाच सरकार कर लावणार, हे दिसल्यावर बोभाटा झाला. केंटकीचेच सिनेटर मिच मॅक्कॉनेल यांनी पुढच्या फेब्रुवारीत अट परत आणवली.

करसल्लागारांसाठी गोष्ट तिथं संपते. कॉलेजची गोष्ट मात्र १८५५ पासूनची आहे आणि ती कराच्या वादाहून कितीतरी वादळी आहे.

कॉलेजचा संस्थापक जॉन फी हा गुलामांच्या मालकाचा मुलगा. गुलामगिरी हे पाप आहे असं तो जाहीरपणे सांगू लागला, तेव्हा बापानं त्याला वारसाहक्कातून बेदखल केलं. कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदारानं दिलेल्या जागेवर त्यानं एका खोलीची शाळा काढली. काळे-गोरे, मुलं-मुली सगळे एकत्र शिकतील, असं कॉलेज त्याला उभं करायचं होतं आणि तेही गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात. १८५९ च्या डिसेंबरात साठ-पासष्ट सशस्त्र लोक गावात आले आणि दहा दिवसांत चालते व्हा, असं बजावून गेले. फी आणि सहकाऱ्यांना ओहायो नदीपलीकडे जावं लागलं. यादवी युद्ध संपल्यावर ते परतले. १८६६-६७ च्या पटावर १८७ विद्यार्थी होते : ९६ काळे, ९१ गोरे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांच्यात जॉन फीसारखे लोक होते. दास्यातून सुटलेल्यांची मुलं आणि डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांची मुलं एका बाकावर बसत होती, तो हाच काळ.

बेरियानं घडवलेल्या माणसांची यादी मोठी आहे. २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेलविजेते जॉन फेन इथलेच, कार्टर यांच्या मंत्रिमंडळातल्या ज्युआनिटा क्रेप्सही इथल्याच. पण या कॉलेजचा अर्थ समजून घ्यायचा, तर कार्टर वुडसनपाशी थांबायला हवं. आई-वडील गुलामगिरीतून सुटलेले, घरी दारिद्र्य, म्हणून हा मुलगा वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीत राबला. हायस्कूलला पोचला तेव्हा विशीत होता. बेरियात सलग शिकणं त्याला परवडलं नाही; मध्येच शिक्षकाची नोकरी, मध्येच अभ्यास, असं करत १९०३ मध्ये त्यानं पदवी घेतली. पुढं १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. अमेरिकेच्या इतिहासात काळा माणूस दिसतच नाही, या रागातून त्यानं १९२६ च्या फेब्रुवारीत ‘नीग्रो हिस्ट्री वीक’ सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारीभर साजरा होणारा ‘ब्लॅक हिस्ट्री मंथ’ हा त्याचाच विस्तार.

वुडसनला पदवी मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच्यासारख्यांना कॉलेजचं दार बंद झालं. आमदार कार्ल डे यांनी केंटकीच्या विधिमंडळात कायदा मंजूर करून घेतला : काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणाऱ्या संस्थेला दंड. राज्यात असं कॉलेज एकच होतं, त्यामुळं नेम कुणावर आहे हे उघड होतं. बेरिया सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. संस्थेला सनद राज्यानं दिली आहे, तेव्हा राज्य तिच्यावर अटी घालू शकतं, असा बहुमताचा युक्तिवाद. न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी खणखणीत विरोधी मत नोंदवलं. हार्लन मूळचे केंटकीचेच आणि गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. कॉलेजनं मग पैसा उभा करून काळ्या विद्यार्थ्यांसाठी लुईव्हिलजवळ १९१२ मध्ये लिंकन इन्स्टिट्यूट काढली. बेरियात ते परत आले १९५० साली, कायदा शिथिल झाल्यावर.

इथं सगळा दोष डे कायद्याला देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण ते पुरतं खरं नाही. १८९२ मध्ये अध्यक्ष झालेले विल्यम फ्रॉस्ट यांना अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखातल्या गरीब गोऱ्यांचा ध्यास लागला. उत्तरेतल्या दात्यांनाही ती कहाणी भावली. पटावरचं काळ्या विद्यार्थ्यांचं निम्मं प्रमाण कायदा येण्याआधीच बरंच घसरलं होतं.

फ्रॉस्ट यांच्याच काळात आजच्या बेरियाची घडण झाली. फी नाही, पण काम प्रत्येकाला. आजही प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. त्याचं मूल्यमापन होतं, मोबदलाही मिळतो. शंभराहून अधिक विभागांत ही मुलं विखुरलेली असतात. कुणी ग्रंथालयात, कुणी शेतावर, कुणी संगणक कक्षात, कुणी कॉलेजच्या सुमारे नऊ हजार एकरांच्या जंगलात. १९०९ मध्ये उघडलेल्या बून टॅव्हर्न या कॉलेजच्याच हॉटेलात सामान उचलणारा, टेबलावर मक्याच्या पिठाचा ‘स्पूनब्रेड’ वाढणारा पोरगा सकाळी तत्त्वज्ञानाच्या तासाला बसलेला असू शकतो. विद्यार्थ्यांनी बांधलेले झाडू आणि हातमागावर विणलेली वस्त्रं दुकानात विकायला असतात. झाडूंची कार्यशाळा १९२० पासूनची.

झाडू बांधणाऱ्या विद्यार्थ्याचा फोटो सुंदर दिसतो. पण त्या झाडूवर कॉलेज चालत नाही. आठवड्याच्या दहा तासांतून चार वर्षांच्या शिक्षणाचा खर्च निघणं शक्यच नाही. खरी कळ १९२० च्या एका ठरावात आहे. कुणी मृत्युपत्रात विनाअट पैसा ठेवला, तर तो खर्चायचा नाही. थेट गंगाजळीत टाकायचा आणि उत्पन्नावर भागवायचं, असं विश्वस्तांनी ठरवलं. शंभर वर्षं तो ठराव पाळला गेला. इमारती, मैदानं यांचा मोह कुठल्या विश्वस्ताला झाला नसेल? परिणामी गरिबांच्या या कॉलेजचं भवितव्य आज शेअर बाजाराच्या चढउतारावर अवलंबून आहे. शिवाय ऐपतदार घरच्या मुलाला, कितीही हुशार असला तरी, इथं सहसा प्रवेश मिळत नाही.

मराठी वाचकाला यात साताऱ्याची आठवण येणारच. बेरियाच्या ठरावाच्या आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, भाऊराव पाटलांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. सर्व जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत, हा तिचा पाया. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आलं. जात आणि वर्ण, दोन्हीकडे भिंत पाडली ती सहवासानं आणि श्रमानं. फरक तिजोरीचा. तिकडे मृत्युपत्रं येत होती. इकडे वसतिगृहाच्या चुलीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने विकावे लागले.

आता आपल्याकडे लिबरल आर्ट्सची खासगी विद्यापीठं आली आहेत. पुण्याजवळ लवळ्याला आहे, हरियाणात सोनीपतला आहे. अभ्यासक्रम चांगले, प्राध्यापक चांगले, फी वर्षाला काही लाखांत. शिष्यवृत्त्या आहेत, पण पूर्ण फीमाफी सगळ्यांना नाही; बेरियात तोच नियम आहे. अमेरिकेकडून विषयांची मोकळीक घेतली, हिरवळ घेतली, चर्चेचे वर्ग घेतले. १९२० चा ठराव मात्र कुणी आणला नाही. प्रवेशाच्या चौकशीला जाणाऱ्या पालकांनी प्लेसमेंटच्या आकड्यांसोबत एवढं विचारून पाहावं : गेल्या पाच वर्षांत आलेल्या देणग्यांपैकी किती रक्कम इमारतींवर गेली आणि किती गंगाजळीत?