तीस मिलिलिटरचा हिशेब

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या 332 एकर जमिनीवर, कर्नाटक सरकारच्या 'केऑनिक्स' या महामंडळाने 1970च्या दशकात वसवायला घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीनिमित्त राहणाऱ्यांमध्ये मराठी माणसेही आहेत, आणि सुरकुत्या रोखण्याचे आश्वासन देणारी महागडी सीरम विकणाऱ्यांची नजर अशाच पगारदार वर्गावर असते. सीरम म्हणजे एखादा गुणकारी घटक अधिक प्रमाणात विरघळवलेले पातळ द्रावण; पण तीस मिलिलिटरला जे काही हजार रुपये मोजले जातात, त्यांतला मोठा वाटा बाटली, आयात आणि जाहिरात यांचा असतो.

इथली हवा फसवी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीमुळे ऊन विदर्भ-मराठवाड्यासारखे पोळत नाही, तरी शहर 13 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने अतिनील किरणांचा मारा तीव्र असतो, आणि त्यांपैकी 'यूव्हीए' किरण साध्या काचेतूनही बऱ्याच अंशी आत येऊन त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची मोडतोड करतात. म्हणूनच ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्यानेही आधी सनस्क्रीन घ्यावे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे 55 वर्षांखालील 903 जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा 24 टक्के कमी दिसले. मात्र ते तर्जनी आणि मधले बोट यांवर काढलेल्या दोन पूर्ण रेघांइतके चेहऱ्या-मानेला लावावे लागते. निम्मेच लावले तर पाकिटावरचा एसपीएफ, म्हणजे ऊनसंरक्षणाचा आकडा, प्रत्यक्षात मिळत नाही.

पडलेल्या सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा असलेला घटक म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन. मुरुमांवरच्या या औषधाने उन्हाने खराब झालेली त्वचा सुधारते, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अल्बर्ट क्लिगमन आणि सहकारी यांनी 1986 मध्ये दाखवले. त्याच्या आरंभीच्या चाचण्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर झाल्या होत्या, हा डाग त्या इतिहासावर कायमचा आहे. भारतात ट्रेटिनॉइनची ट्यूब महागड्या सीरमच्या किमतीच्या अगदी थोड्या हिश्शात मिळते, परंतु ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे, रात्री वाटाण्याच्या दाण्याएवढेच लावायचे असते, सुरुवातीला त्वचा सोलवटते आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे.

'क' जीवनसत्त्वाच्या सीरमचा लौकिक ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल यांच्या 2005च्या संशोधनावर उभा आहे, ज्यात 15 टक्के 'क' आणि 1 टक्का 'ई' जीवनसत्त्वात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल मिसळल्यावर उन्हापासूनचे संरक्षण दुप्पट झाले. भारतीय कंपन्यांची अशीच मिश्रणे पुष्कळ स्वस्तात मिळतात; मात्र फिकट द्रावण तपकिरी झाले की 'क' जीवनसत्त्व निकामी झालेले असते, त्यामुळे महाग मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त छोटी बाटली लवकर संपवणे शहाणपणाचे. नायसिनामाइड, म्हणजे 'बी3' जीवनसत्त्वाचा एक प्रकार, 'क' जीवनसत्त्वाहून टिकाऊ आणि स्वस्त आहे. खरेदीपूर्वी घटकांची यादी वाचावी, कारण 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात.

घरगुती उपायांत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल ती बावची. तिच्या बियांतून मिळणारे बाकुचिओल 2019 मध्ये 44 जणांवर बारा आठवडे तपासले गेले, तेव्हा सुरकुत्यांवर ते रेटिनॉल या 'अ' जीवनसत्त्वाच्याच सौम्य रूपाच्या बरोबरीचे ठरले आणि त्वचेची आगही कमी झाली. परंतु हे शुद्ध केलेल्या घटकाबद्दल खरे आहे. आयुर्वेदात कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीत सोरॅलेनही असते, जे उन्हात त्वचा भाजवते, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातले बावचीचे तेल चेहऱ्याला चोळणे हा स्वस्त पर्याय नव्हे, इजेला आमंत्रण आहे.

याहूनही घातक आहे औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले, त्वचेचा रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेले 'गोरेपणाचे' क्रीम, जे काही दिवस चेहरा उजळवते आणि पुढे त्वचा पातळ करून लाल शिरा उमटवते. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव दिसले, तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये.