आईनं सोवळं सोडलं, मुलानं पाहिलं
लेखांक ६

मागच्या लेखात घरातल्या प्रार्थनेविषयी लिहिलं. प्रार्थना मुलांना पाठ होते. शेजाऱ्याविषयी माया पाठ करून येत नाही, म्हणून हा लेख.

बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशननं अकोला केंद्र धरून वऱ्हाडात काम उभारलं. इथल्या अनेक मंडळ्यांची मुळं त्या कामात आहेत. घराच्या चहूबाजूंना हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजार. वाटेत पडलेल्या परक्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा येशूचा दाखला मुलं संडे स्कूलमध्ये ऐकतात आणि घरी येऊन आई कोणाला उंबऱ्याच्या आत घेते, कोणाला बाहेरूनच बोलून वाटेला लावते, ते पाहतात. दाखला आणि उंबरा जुळले नाहीत, तर मूल उंबऱ्यावरच विश्वास ठेवतं.

दाखला आणि उंबरा जुळवण्याचं मराठीतलं सर्वात प्रामाणिक उदाहरण कवी नारायण वामन टिळकांच्या घरात सापडतं. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, तेव्हाही त्यांचं सोवळं कडक होतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग हा भेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळताच विटाळ टाकून दिला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण विटाळ त्याआधीच गेला होता. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दत्तूला आई आयती उदार मिळाली नाही. ज्या हातचं पाणी ती कालपर्यंत पीत नव्हती, त्या हातचं पिऊ लागलेली आई त्याच्यासमोर घडली. पुढे हाच दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, आईच्या मागे लागले, तिला लिहितं केलं आणि ‘स्मृतिचित्रे’ हे तिचं आत्मचरित्र आपल्यापर्यंत पोचलं.

त्याच घरात १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पोसल्याची किंमत म्हणून त्यांच्याकडे धर्म मागितला गेला नाही. अल्पसंख्य घरातल्या मुलांना हे आवर्जून सांगावं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण अधिक कठीण आहे. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले होते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आपल्या आश्रयाला आणताना रमाबाईंना भूक कोणी समजावून सांगायला नको होती. पण त्यांची एकुलती लेक मनोरमा? तिच्या लहानपणाची काही वर्षं आईपासून दूर, इंग्लंडमध्ये गेली, आणि नंतर आई शेकडो मुलींमध्ये वाटली गेली. तरीही आईच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना शिकवण्याचं काम मनोरमेनंच उभं केलं. माझ्या मते याचं कारण एकच: रमाबाईंनी तिला नुसतं पाहत ठेवलं नाही, स्वतःच्या कामात घेतलं. तरी त्या दुराव्याची किंमत लेकीनंही मोजली, हे विसरू नये. परक्यांसाठी घर उघडताना आपल्या मुलाच्या वाट्याची आई कमी होते. ते त्याच्याशी बोलून, त्याचं ऐकून घेऊनच करावं.

आज आपल्याकडे शेजाऱ्याविषयीच्या मायेची परीक्षा उन्हाळ्यात टँकरपाशी होते. रांगेत म्हातारी मागे उभी असेल आणि बाबांनी आपली घागर बाजूला सरकवली, तर मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मात्र घरी आल्यावर ‘बघ, आपण किती चांगले’ असं म्हणू नये. त्यानं म्हातारीचं भलं होण्यापेक्षा आपली बढाई मोठी होते. उरलेलं पाणी दिवसभर कसं पुरवायचं, हे मात्र मुलाबरोबर बसून ठरवावं. नाताळात करंज्यांची ताटं शेजारी जातात, ती मुलांच्या हाती द्यावीत. ज्या घराशी वर्षभर बोलणं तुटलेलं आहे, त्या घरी मात्र मुलाला एकटं पाठवू नये. तिथे आपण स्वतः जावं, मुलाला सोबत घेऊन.

पुढच्या आठवड्यात : भावंडांची भांडणं आणि आईबापांचा न्याय.