घरपट्टी कमी, मग बाकीचं कोण करणार?

‘‘अगं, घरपट्टी इतकी कमी, की मी पावती दोनदा वाचली!’’ मैत्रीण फोनवर सांगत होती. यजमान निवृत्त झाल्यावर दोघांनी पिंपरीतला फ्लॅट विकला आणि कामशेतच्या पुढे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत छोटंसं घर बांधलं. महापालिका नाही, तिचे कर नाहीत. डोंगर, शांतता. आणखी काय हवं?

मार्चमध्ये गेले, तेव्हा ती दारात टँकरची वाट बघत उभी होती. पिंपरीत तिच्या नळाला यायचं ते पाणी पवना धरणाचं आणि धरण मावळातच! हे पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडे नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई होती.

कचऱ्याची गाडीही येत नाही. ओला कचरा परसातल्या खड्ड्यात, सुका पिशवीत. टँकरला फोन करायचा, पिंपं भरायची, सगळं हिच्याकडेच. ‘‘कर वाचला, पण तो मी हातापायांनी भरते,’’ ती हसून म्हणाली. वहीतला टँकरचा हिशोब दाखवला. वाचलेली घरपट्टी उन्हाळ्यातच संपली होती.

काहीजणी तर राज्यच बदलायचं म्हणतात. पण मैत्रिणींनो, राज्य बदललं म्हणून आयकराचे दर बदलत नाहीत. फरक पडतो तो व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, गाडीचा कर यांत. आणि आपल्याकडे २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे किती घरांत ठाऊक असतं?

‘‘मग परत जाणार का?’’ मी विचारलं.

‘‘छे गं! तिकडे नगरसेवक कधी दिसला नाही. इथे सरपंचबाई गिरणीत दळणाला भेटतात.’’

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. हिने सभेत कचऱ्याच्या गाडीचा विषय काढला. उत्तर आलं, ‘‘ताई, गाडी हवी तर घरपट्टी थोडी वाढवावी लागेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय! पहिला हात मीच वर केला.’’

तेव्हा गावाकडे घर बघायला जाल, तर कर किती एवढंच विचारू नका. शेजारच्या दारातल्या बाईला विचारा, एप्रिलमध्ये पाणी कुठून आणता?