पाइपलाइनकडेची वाट आणि तिची दारं



मुलुंड, भांडुप, पवई, घाटकोपर, कुर्ला या बाजूला ज्या राहतात त्यांना तानसाची पाइपलाइन वेगळी सांगायला नको. माणूस आत उभा राहील एवढे जाड नळ वस्त्यांमधून जातात. शहापूर तालुक्यातला तानसा तलाव १८९२ साली बांधून झाला, तेव्हापासून त्याचं पाणी मुंबई पिते आहे. याच नळांच्या कडेनं चालायला आणि सायकलीला ३९ किलोमीटरची वाट करायची, असं मुंबई महापालिकेनं २०१७ साली जाहीर केलं. काम तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकत राहिलं. अशी वाट वाढत वाढत आपल्या वस्तीपर्यंत येते, तेव्हा बायकांनी त्यात काय पाहायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक प्रश्न. वाट नळाच्याच कडेला का? उपनगरात सलग जमीन मिळणं फार कठीण. इथे सोसायटीची भिंत, तिथे दुकानाचा ओटा, पुढे कुणाची तरी गाडी. नळाच्या कडेची पट्टी मात्र सलग असते आणि तिचा मालक एकच. शिवाय तानसाचं पाणी उतारानं वाहत येतं, म्हणून चढ फारसा नाही. पाठीमागे पोर बसवून सायकल मारणारीला याचं मोल कळेल. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर अशा वाटा झाल्या, त्याचंही कारण हेच.

पण ही पट्टी रिकामी नव्हती. नळांच्या दोन्ही बाजूंना हजारो कुटुंबं राहत होती. पाण्याच्या सुरक्षेसाठी जागा मोकळी करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला, घरं पाडली गेली आणि पुष्कळ कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलला पाठवलं. तिथे शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने. माहुलची हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोक्याची आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच म्हटलं होतं. लोक न्यायालयात गेले. ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना महिना १५ हजार रुपये भाडं द्या, असं उच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं. घरकाम करणाऱ्या बायकांची कामाची घरं मात्र मागेच राहिली. वाटेचं कौतुक करताना ही गोष्ट गाळून टाकणं आम्हाला जमत नाही. नळ सुरक्षित हवा हे खरंच, पण मोकळ्या झालेल्या जागेवर आज कोण चालणार, हे विचारायलाच हवं.

ते ठरतं दारांवरून. नकाशावर वाट सरळ रेघेसारखी दिसते आणि बैठकीत किलोमीटर मोजले जातात. बाईचं जाणं-येणं तसं सरळ नसतं. पोराला शाळेत सोडायचं, रेशनच्या दुकानात डोकवायचं, मग कामावर, येताना भाजी. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामाला पायी जाणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त निघालं, त्यात नवल नाही. वाटेला दोन टोकांनाच दार असेल तर ती सकाळी व्यायामाला येणाऱ्यांची होईल. गल्लीगल्लीतून दार असेल तर ती आपली. आमच्या मते दोन दारांमध्ये पाच मिनिटांच्या चालीपेक्षा, म्हणजे साधारण चारशे मीटरपेक्षा, जास्त अंतर नको. संध्याकाळी मागून कुणी येतंय असं वाटलं तर बाहेर पडायला जागा पाहिजे. दोन्हीकडे उंच भिंत असेल तर दिवा असूनही भीती जात नाही. भिंतीपेक्षा पलीकडचं दिसेल अशी जाळी बरी.

दार कसं असावं, यावर आमच्यातही वाद होतो. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून दारात खांब किंवा वळणाचा अडसर लावतात. तिथून म्हातारीची चाकाची खुर्ची जात नाही, बाळाची गाडीही जात नाही. खुर्ची जाईल एवढी जागा ठेवली की मोटारसायकलही जाते. यावर लोखंडाचा इलाज नाही. माणूसच बसवायला हवा, आणि त्याच्या पगाराची तरतूद आधीच करायला हवी. हा खर्च कुणाला आवडत नाही, म्हणून तो आपणच काढायचा.

मोठा रस्ता किंवा रेल्वेचे रूळ आडवे आले की वाट तुटते. तिथे जिने चढायला लावणारा पूल केला, तर सायकल खांद्यावर घ्यायची का? उताराचा पूल किंवा सिग्नल मागा. वस्तीतून दारापर्यंत येणारा पदपथही पाहा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांप्रमाणे तो किमान १.८ मीटर रुंद मोकळा हवा आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. घरातली टेप घेऊन मोजता येतं. स्वच्छतागृह नकाशावर कुठे दाखवलंय, तेही बघा.

नकाशा कुणी आपणहून दाखवत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्ज साध्या मराठीत करायचा, एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तेही नाही. "आमच्या विभागातील वाटेचा मंजूर आराखडा, प्रवेशद्वारांच्या जागा आणि दिव्यांच्या जागा यांची प्रत मिळावी" एवढं लिहिलं तरी पुरे. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. अर्ज दिलात की आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख मारून घ्या, कारण ते तीस दिवस आपल्याला मोजायचे आहेत.