शाळकरी संशोधकाचा मार्गदर्शक

परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा तर शालेय वयातच नावावर एखादा शोधनिबंध असावा, असा समज ठाणे-डोंबिवलीतील सुस्थित कुटुंबांत रुजू लागला आहे. त्यासाठी दूरच्या प्राध्यापकाचे मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या संस्था भरघोस शुल्क घेतात. तो खर्च करण्यापूर्वी आपल्या दाराशी काय आहे, हे पालकांनी अवश्य पाहावे.

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने १९९३पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी परिसरातील एक प्रश्न निवडावा, मार्गदर्शकाच्या साहाय्याने काही महिने निरीक्षणे करावीत आणि निष्कर्ष परीक्षकांपुढे मांडावेत, असे तिचे स्वरूप. ठाण्यात जिज्ञासा ट्रस्टने या कार्यासाठी अनेक वर्षे मुलांना साथ दिली आहे. येथे महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतो तो मुलाचे ऐकून घेणारा जाणता माणूस.

हा माणूस नेमके काय करतो? समजा, मुलाने विचारले, ‘ठाण्याच्या खाडीचे पाणी किती खराब आहे?’ प्रश्न जिव्हाळ्याचा, पण हाती धरता न येणारा. मार्गदर्शक तो लहान करतो : एकाच ठिकाणच्या पाण्याची क्षारता भरती-ओहोटीनुसार किती बदलते? मग तो विचारतो, ‘बाटली किती वाजता भरलीस?’ वहीत वेळ नोंदलेली नसेल, तर महिन्याभराचे श्रम वाया. पावसाळ्यात गोड्या पाण्याने क्षारता उतरते. आकडे एकाएकी घसरलेले पाहून मूल ते खोडू लागते, तेव्हा मार्गदर्शक त्याचा हात धरतो. संशोधनाचा खरा संस्कार या क्षणी होतो, असे मला वाटते. नकार देणे हेही त्याचेच काम. जानेवारी २०१४मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडल्याची बातमी गाजली होती. तसल्या रसायनांशी मुलांनी खेळू नये. पावसाच्या पाण्याची आम्लता मात्र त्यांना सुरक्षितपणे नोंदता येते.

विद्यापीठीय पातळीवरील शास्त्रज्ञांचा सहवास शाळकरी मुलांना लाभू शकतो, हे डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुकाने दाखवून दिले. तेथील उन्हाळी उपक्रमात शाळांतून आलेली मुले आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतात. ठरावीक पाठ्यक्रम नसतो. आपल्याकडेही खाडीकाठी वसलेल्या बांदोडकर महाविद्यालयासारख्या संस्थांत विषय जाणणारे प्राध्यापक आहेत.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेपुढे प्रकल्पही असतो. शिकवणीवर्गांनी शिजवून दिलेले, आईवडिलांनी रात्री जागून सजवलेले प्रकल्प कोणत्याही स्पर्धेत येतातच. त्यांचे तक्ते सुबक असतात, पण परीक्षकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला मूल आईकडे पाहू लागते. अशा यशाला मी तरी यश म्हणणार नाही.

प्राध्यापकांना पत्र लिहायचे, ते मुलानेच लिहावे. काय पाहिले, काय कळले नाही आणि आठवड्याला किती तास देता येतील, एवढे पुरे. गुण, पदके, वडिलांचा व्यवसाय यांचा उल्लेख नको. सोबत निदान पंधरा दिवसांच्या नोंदींची वही असावी. पहिल्या पत्राला उत्तर न आल्यास शाळेच्या विज्ञानशिक्षकांना सोबत घेऊन समक्ष जावे. खाडीवर किंवा तलावावर जाताना मात्र कोणी मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे. भरतीची वेळ पंचांगात पाहून ठेवावी.