पुढे नवे, मागे गोटे

चिखलीकडचा एक ओळखीचा शेतकरी यंदाच्या पावसाळ्यात समृद्धी महामार्गावरून घरी आला तो टोचन लावून. गाडी फोर-बाय-फोर. पुढचे दोन टायर नुकतेच टाकलेले, मागचे दोन पार गोटा झालेले. भुरभुर पावसात त्याने फोर-व्हीलचा दांडा टाकला आणि मेहकरपासून तसाच दामटत राहिला. ट्रान्सफर केसची चेन गेली. ‘टायर तर नवेच होते!’ हे तो मला तीनदा म्हणाला. बैलबाजारात जोडीची उंची हाताने ताडून घेणारा हा माणूस, पण टायरची जोडी त्याने पाहिली नाही आणि विकणाऱ्यानेही विचारलं नाही.

महिंद्राची जीप 1947 पासूनची. तिची पुढची चाळीस वर्षं मी सोडून देतो. जीपमधले साहेब आणि जीपमागे धावणारी पोरं, एवढंच त्यांत आहे.

आमचा काळ नव्वदीचा. जळगाव जामोदच्या वर भिंगारा, चाळीसटापरीकडे चढायचं किंवा घाटाखालच्या काळ्या रेगाडीत शिरायचं, तर लिलावातली जुनी जीपच लागे. तिच्या चार चाकांना चार जातींचे टायर: एक नायलॉनचा कोरा, दोन रिमोल्ड, एक कुठून आला देव जाणे. ‘जीपला सगळं चालतं’ ही म्हण तेव्हाची. मला ती तेव्हाही पटत नव्हती. चालत होतं ते जीपमुळे नव्हे, चिखलामुळे.

हिशेब करून बघा. कोऱ्या टायरची नक्षी 8 मिमी आणि घासलेल्याची 2 धरली, तर त्रिज्येत 6 मिमीचा फरक पडतो आणि घेरात ठोकळमानाने 38 मिमीचा. आजच्या मोठ्या गाडीच्या चाकाला हे किलोमीटरमागे 16 मीटरच्या आसपास जातं. दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, फेरे सारखेच घ्यावे लागतात. मग ते 16 मीटर जायचे कुठे? पांदणीत चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही. सिमेंटवरही नाही, आणि भुरभुर पाऊस म्हणजे काही चिखल नव्हे. तो ताण दातऱ्यांवर, जॉइंटवर, चेनवर साठत जातो.

खामगावच्या आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला यातलं गणित येत नव्हतं. पण तो सुतळीने चारही चाकांचे घेर मोजायचा. जुळले नाहीत तर पुढचा प्रॉपेलर शाफ्टच उतरवून ठेवायचा आणि मालकाने कितीही आरडाओरडा केला तरी पावसाळ्याआधी बसवायचा नाही. ती सुतळी गेली. तिच्या जागी ‘टाकूनच ठेवा, पकड वाढते’ असं सांगणारी इस्त्रीच्या शर्टातली पोरं आली.

11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी समृद्धी सुरू झाली आणि सिंदखेडराजा, मेहकरच्या माणसाला ताशी 120 ची मुभा मिळाली. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर पिंपळखुट्याजवळ बस उलटून पेटली, 25 जण गेले. टायर फुटल्याचं आधी सांगितलं गेलं. परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालाने ते मानलं नाही. पण त्या वर्षी टायर तपासणी सुरू झाली, हे बरंच झालं. तक्रार एवढीच की नियम नक्षीची खोली बघतो, 1.6 मिमी असली की गाडी पुढे. पुढच्या-मागच्या टायरमधली तफावत तो बघत नाही.

जुन्या जीपची स्टेपनी मागे लटकलेली असे आणि तिलाही आळीपाळीने जमिनीवर यावं लागे. पाचही टायर बरोबरीने म्हातारे होत. जुलै 2020 च्या नियमबदलाने तर हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्तीच उरली नाही. जिथे ती आहे, तिथे तिच्यावरचे रबराचे केससुद्धा शाबूत असतात. पंक्चर झालं की तीन घासलेल्यांत हा एक कोरा बसतो, आणि दांडा बहुधा टाकलेलाच असतो.