फुलांआडचं लाकडी घर

चाइल्ड हॅसम या अमेरिकी चित्रकाराच्या ‘द गार्डन इन इट्स ग्लोरी’ (१८९२) या जलरंगचित्रात घर शोधावंच लागतं. समोर फुलांची दाटी, तिच्यामागे वेलींनी वेढलेली ओसरी आणि ओसरीच्या तोंडाशी उभी एक स्त्री. एवढ्यावरून लाकडी घर ओळखायचं. याला फुलांचं चित्र म्हटलं जातं. मला मात्र ते घराचंच चित्र वाटतं. ते घर असंच झाकलेलं असायचं.

घर होतं कवयित्री सीलिया थॅक्स्टर यांचं, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यासमोरच्या अॅपलडोर बेटावर. त्यांचे वडील शेजारच्या व्हाइट आयलंडवर दीपगृहाचे राखणदार होते. पुढे १८४८ मध्ये त्यांनी अॅपलडोरवर हॉटेल उघडलं. सीलियाबाईंच्या दिवाणखान्यात उन्हाळाभर लेखक, वादक, चित्रकार जमत. पॅरिसहून परतलेला तरुण हॅसम त्यांतलाच एक.

घरासमोरची बाग जेमतेम ५० फूट लांब, १५ फूट रुंद. पण तिच्यामागचे कष्ट पाहा. हिवाळा सरता सरता बाई किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथ गावात अंड्यांच्या टरफलांत माती भरून पॉपीचं बी पेरत. पॉपीच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून टरफल हळूच फोडून रोप मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात ठेवायचं. ही रोपं बोटीनं बेटावर जात. गोगलगायींनी उच्छाद मांडला, तेव्हा त्यांनी मुख्य भूमीवरून चक्क भेक मागवले!

अशा बागेला जलरंग शोभून दिसतात. तैलरंगात उजेड वरून पांढरा रंग देऊन आणता येतो. पारदर्शक जलरंगात कोरा कागद राखावा लागतो, आणि तो कुठे राखायचा हे कुंचला टेकण्याआधी ठरवावं लागतं. पॉपीच्या पातळ पाकळीतून झिरपणारं ऊन त्या कोऱ्या कागदामुळेच दिसतं.

१८९४ मध्ये सीलियाबाईंचं ‘अॅन आयलंड गार्डन’ हे पुस्तक हॅसमच्या चित्रांसह निघालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. १९१४ च्या आगीत हॉटेल जळालं, घरही जळालं.

१९७७ मध्ये शोल्स मरीन लॅबोरेटरीच्या जॉन किंग्सबरी यांनी बाग त्याच जागी पुन्हा उभी केली. कोणत्या वाफ्यात काय लावायचं, हे पुस्तकातल्या आराखड्यानं सांगितलं. मात्र वेल ओसरीवर किती चढले होते, दारापर्यंत फुलं कशी आली होती, हे आराखड्यात नाही. त्यासाठी हॅसमचे कागदच पाहावे लागतात. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे.